आम्लातून येणारी चकाकी: धातूंच्या रासायनिक पॉलिशचा आढावा

‘ॲसिड पॉलिश’ या एका नावावर बाजारात निदान तीन वेगळी कामं खपतात. पहिलं काम मळ काढण्याचं. काळवंडलेल्या तांब्याच्या भांड्याला चिंच-मीठ लावून घासलं की ते लख्ख होतं. चिंचेतलं टार्टरिक आम्ल वरचा ऑक्साइडचा थर सोडवतं, खालचा धातू जवळजवळ होता तसाच राहतो. कारखान्यात हेच काम हायड्रोक्लोरिक किंवा सल्फ्युरिक आम्लाच्या टाकीत होतं आणि त्याला पिकलिंग म्हणतात. दुसरं काम रंग उजळवण्याचं. पितळेचा जॉब नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणात काही सेकंद बुडवून काढला की पिवळाधमक दिसतो. पण बोट फिरवलं तर आधी होता तितकाच खडबडीत लागतो. तिसरं काम म्हणजे खरं पॉलिश: पृष्ठभागावरचे सूक्ष्म उंचवटे विरघळवून तो सपाट करायचा. पहिल्या कामात धातू वाचवायचा असतो, तिसऱ्यात तो हिशेबानं घालवायचा असतो. या तिन्हींची गल्लत झाली की गिऱ्हाईक आणि प्लेटिंगवाला यांचं वाजणार हे ठरलेलं, आणि बहुतेक वेळा दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

या लेखाचा रोख तिसऱ्या कामावर आहे. त्याबद्दल एक समज फार पसरलेला आहे: आम्ल धातू खातं, म्हणून चकाकी येते. खरं तर आम्लाला खाताना अडवलं जातं, म्हणून ती येते. हे नीट कळलं की पुढची सगळी कृती, तिचे दोष आणि तिची किंमतही कळते.

आम्लाचा मूळ स्वभाव धातू खडबडीत करण्याचा आहे. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी १८६० च्या दशकात पोलादाचे तुकडे अगदी गुळगुळीत घासले, त्यांवर सौम्य नायट्रिक आम्ल फिरवलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. घासलेल्या तुकड्यावर काहीच दिसत नव्हतं. आम्ल लावल्यावर आतली सगळी रचना उघडी पडली. आजही अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत अल्कोहोलमध्ये थोडं नायट्रिक आम्ल घालून केलेलं ‘नायटल’ याच कामासाठी वापरतात. धातू म्हणजे असंख्य बारीक स्फटिक-कणांची दाटी. प्रत्येक कणातल्या अणूंच्या रांगा वेगळ्या दिशेनं लागलेल्या असतात, त्यामुळे एक कण पटकन विरघळतो, शेजारचा रेंगाळतो. कणांच्या सीमा तर आणखी वेगानं खाल्ल्या जातात. परिणाम म्हणजे खाचखळगे, आणि डोळ्याला दिसणारा मंद, दुधाळ पृष्ठभाग. मोकळ्या आम्लात धातू टाकला तर तो चमकत नाही, मॅट होतो.

पॉलिश हवं असेल तर धातूच्या विरघळण्याला कणांची ओळखच राहू नये, अशी सोय करावी लागते. विरघळण्याचा वेग धातूच्या अंगावरून न ठरता द्रवातून ठरला पाहिजे. त्यासाठी दाट आम्ल लागतं. ८५ टक्क्यांचं फॉस्फोरिक आम्ल काकवीसारखं संथ वाहतं. त्यात विरघळलेल्या धातूचे क्षार मिसळले की धातूलगतचा थर आणखी दाट होतो आणि ताजं आम्ल त्यातून आत यायला वेळ लागतो. उंचवट्याच्या माथ्यावर हा थर पातळ, खळग्यात जाड. साहजिकच माथा लवकर झिजतो आणि खळगा थांबून राहतो. जोडीला धातूवर काही नॅनोमीटर जाडीचं घन आवरण तयार होत असतं आणि विरघळतही असतं. खालच्या कणांच्या दिशा झाकण्याचं काम हे आवरण करतं. पहिल्या क्रियेनं मायक्रॉनमधले चढउतार कमी होतात, दुसरीनं त्याहून बारीक खरवड जाते आणि प्रकाश विखुरण्याऐवजी परावर्तित होतो. सपाटी आणि चकाकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखादा जॉब चमकदार पण लाटालाटांचा निघतो, आणि एखादा मोजमापात सपाट असून डोळ्याला फिका वाटतो, त्याचं कारण हेच.

हे गणित आधी उलगडलं ते वीज वापरणाऱ्यांना. फ्रान्समधले पिएर जाके यांनी १९३० मध्ये सहकाऱ्यासोबत विद्युत-पॉलिशचं पेटंट घेतलं आणि १९३५ मध्ये तांब्यावरची पद्धत ‘नेचर’मध्ये मांडली. फॉस्फोरिक आम्लात तांब्याचा तुकडा धन टोकाला जोडायचा आणि विद्युतदाब वाढवत न्यायचा. एका टप्प्यावर दाब वाढवूनही प्रवाह वाढत नाही, तो एका पातळीवर अडकून बसतो. पॉलिश होतं ते नेमकं त्या पातळीवर. त्याखाली नुसतं खरवडणं होतं, त्यावर बुडबुडे सुटून खड्डे पडतात. जाके यांनी याचं श्रेय दाट थराला दिलं. पुढे १९५० च्या सुमारास होर आणि मोवॅट या संशोधकांनी घन आवरणाची बाजू लावून धरली, आणि एडवर्ड्स यांनी विरघळलेल्या धातूला सामावून घेणारे रेणू पृष्ठभागापर्यंत किती वेगानं पोचतात यावर सगळं अवलंबून असल्याचं मांडलं. वाद अभ्यासकांसाठी रंगतदार आहे, पण कारखान्यापुरतं बोलायचं तर तिन्ही मतांची शिफारस एकच निघते: आम्ल दाट ठेवा, तापमान हलू देऊ नका, आणि ढवळणं बेताचं ठेवा.

वीज न वापरता हाच परिणाम साधायचा तर विजेचं काम करणारं काहीतरी टाकीतच हवं. ते काम नायट्रिक आम्ल किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे ऑक्सिडीकारक करतात. म्हणून रासायनिक पॉलिशच्या बहुतेक पाककृतींत तीन पात्रं दिसतात: धातूवर आवरण तयार करणारं ऑक्सिडीकारक, तयार झालेलं आवरण विरघळवणारं आम्ल, आणि दोघांनाही आवरून धरणारा दाटपणा. तांब्यासाठी फॉस्फोरिक, नायट्रिक आणि ॲसेटिक आम्लांचं मिश्रण चालतं. साध्या पोलादासाठी ऑक्झॅलिक आम्ल आणि पेरॉक्साइडचं सौम्य द्रावणही चालतं, मात्र ते लवकर निकामी होतं.

ॲल्युमिनिअमचा ‘ब्राइट डिप’ हा या सगळ्यातला सर्वांत देखणा आणि सर्वांत त्रासदायक प्रकार. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये मोटारींच्या चकचकीत पट्ट्या, दिव्यांचे परावर्तक, सौंदर्यप्रसाधनांच्या डब्यांची झाकणं यांसाठी तो पसरला. ‘फॉसब्राइट’ हे नाव त्या काळापासून धंद्यात रूढ आहे. टाकीत ऐंशी टक्क्यांच्या आसपास फॉस्फोरिक आम्ल, दोन ते पाच टक्के नायट्रिक, बाकी पाणी आणि किंचित तांबं. तापमान ९० ते ११० अंश सेल्सिअस.

रॅक टाकीत उतरला की क्षणात द्रव खदखदतो आणि तपकिरी धूर उसळतो. तो नायट्रोजन डायऑक्साइड. जॉब एक ते तीन मिनिटं हलता ठेवायचा, म्हणजे वायूचे बुडबुडे एका जागी अडकून रेघा उमटत नाहीत. खरी कसोटी बाहेर काढताना असते. गरम, दाट आम्लाचा थर अंगावर घेऊनच जॉब वर येतो आणि हवेतही ते आम्ल काम करतच असतं, पण आता असमान. क्रेनवाला दहा-पंधरा सेकंद रेंगाळला तर आरशासारख्या पृष्ठभागावर ढगाळ डाग आणि ओघळ उमटतात, ते मग पुन्हा बफ केल्याशिवाय, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर घासल्याशिवाय, जात नाहीत. पाण्यात धुतल्यावर जॉबवर तांब्याचा बारीक लालसर थर दिसतो. तो नायट्रिक आम्लाच्या दुसऱ्या टाकीत उतरवायचा. त्यानंतर लगेच पातळ ॲनोडायझिंग, कारण उघडं ॲल्युमिनिअम ही चकाकी फार दिवस सांभाळत नाही.

इथे मिश्रधातूची निवड निम्मी लढाई ठरवते. अतिशुद्ध ॲल्युमिनिअम किंवा त्यात थोडं मॅग्नेशिअम असलेला पत्रा उत्तम चमकतो. पण पंपाचं किंवा स्कूटरचं ओतीव आवरण घेऊन कुणी ‘क्रोमसारखं करून द्या’ म्हणालं तर चांगला प्लेटिंगवाला हात जोडतो. एलएम-६ सारख्या ओतीव मिश्रधातूत १० ते १३ टक्के सिलिकॉन असतं. फॉस्फोरिक-नायट्रिकमध्ये ॲल्युमिनिअम विरघळतं, सिलिकॉन तसंच राहतं, आणि जॉबवर काळा-करडा थर जमतो. त्याला कारखान्यात स्मट म्हणतात. ते काढायला हायड्रोफ्लोरिक लागतं आणि ते वापरूनही चकाकी येत नाही, नुसता स्वच्छ करडा रंग येतो. रसायन बदलून हा प्रश्न सुटत नाही, मिश्रधातू बदलावा लागतो. हे न सांगता ऑर्डर घेणारे बरेच आहेत.

आता एक साधा हिशेब. एक चौरस मीटर ॲल्युमिनिअमवरून १० मायक्रॉन धातू काढला तर २७ ग्रॅम विरघळतो. एवढ्याशा धातूसाठी फारसं आम्ल लागू नये. तरीही ब्राइट डिपमध्ये आम्लाचा खप प्रचंड असतो, कारण बहुतेक आम्ल रासायनिक क्रियेत खर्च होतच नाही. दाट असल्यानं ते जॉबच्या अंगाला चिकटून धुण्याच्या टाकीत निघून जातं. ज्या दाटपणामुळे पॉलिश होतं, तोच दाटपणा आम्लाची उधळपट्टी करतो. म्हणून मोठे कारखाने पहिल्या धुण्याचं पाणी साठवून, आटवून आम्ल परत मिळवतात. काही ठिकाणी वापरलेलं फॉस्फेटयुक्त द्रावण खत बनवणाऱ्यांकडे जातं. छोट्या कारखान्यात आटवण्याचं यंत्र परवडत नाही. तिथे जॉब टाकीवर थोडा वेळ निथळू देणं एवढाच उपाय उरतो, आणि निथळायला वेळ दिला तर वर सांगितलेले डाग पडतात. या पेचातून सुटका नाही. म्हणूनच छोट्या शेडमधला ब्राइट डिप मला मुळातच चुकीच्या जागी असलेला धंदा वाटतो.

स्टेनलेस स्टीलचं प्रकरण वेगळं आणि बरंच समाधानकारक आहे. भाईंदर-वसईकडच्या भांड्यांवरचं झळझळीत पॉलिश बव्हंशी बफिंगचं असतं, आम्लाचं नाही, आणि डाळ-भाताच्या पातेल्याला ते पुरेसं आहे. पण औषधकारखान्यातल्या पाइपला ते पुरत नाही. बफ उंचवटे कापतो त्यापेक्षा जास्त ते लोळवतो. वर सरकलेला धातू ओरखड्यांवर पसरून बसतो, त्याखाली पॉलिशच्या साबणाचे आणि घर्षणकणांचे अवशेष दबून राहतात. जॉर्ज बील्बी यांनी १९२१ च्या आपल्या पुस्तकात असा दावा केला होता की घासल्यानं धातूचा वरचा थर काचेसारखा बिनस्फटिकी होतो. पुढच्या तपासण्यांत तो काचेसारखा नसून अतिबारीक, चेंगरलेल्या कणांचा निघाला. पण वरचा थर खालच्या धातूपेक्षा वेगळा आणि जखमी असतो, हे निरीक्षण टिकलं. विद्युत-पॉलिश हा जखमी थरच विरघळवून टाकतं.

कृती अशी: फॉस्फोरिक आणि सल्फ्युरिक आम्लांचं गरम मिश्रण, साधारण ५० ते ८० अंश, जॉब धन टोकाला. काही मिनिटांत १० ते ३० मायक्रॉन धातू जातो आणि खडबडीतपणाचा आकडा, ज्याला कारखान्यात ‘आरए’ म्हणतात, ढोबळमानानं निम्म्यापर्यंत उतरतो. जैवऔषधी यंत्रसामग्रीसाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन प्रमाणात विद्युत-पॉलिश केलेल्या एका नेहमीच्या दर्जाला आरए ०.३८ मायक्रॉनपेक्षा जास्त चालत नाही. मात्र आकड्याहून मोलाची गोष्ट डोळ्याला दिसत नाही. विरघळताना लोह आणि निकेल पुढे निघून जातात, क्रोमिअम मागे रेंगाळतं. मूळ ३१६एल स्टीलमध्ये क्रोमिअम १६ ते १८ टक्के. पण पॉलिशनंतर वरच्या दोन-तीन नॅनोमीटरच्या आवरणात क्रोमिअमचं प्रमाण लोहापेक्षा जास्त असू शकतं. गंजाला अडवतं ते हे आवरण. म्हणून औषधकारखान्याच्या पाइपबाबत चकाकी हा पुरावा म्हणून चालत नाही. उत्तम बफ केलेला पाइप विद्युत-पॉलिश केलेल्या पाइपाहून जास्त चमकू शकतो आणि आधी गंजू शकतो.

विद्युत-पॉलिश दोष झाकत नाही, हेही सांगायला हवं. पत्र्यातले अधातूचे कण, वेल्डिंगमधली छिद्रं, खोल ओरखडे पॉलिशनंतर ठळक होतात. धातूचे कण मोठे असतील तर संत्र्याच्या सालीगत पृष्ठभाग निघतो. फॅब्रिकेशनवाला अशा वेळी ‘तुमच्या ॲसिडनं जॉब बिघडवला’ म्हणतो. बिघाड आधीच होता, आम्लानं तो दाखवला.

पॉलिश आणि पॅसिव्हेशन यांचीही सरमिसळ होते. पॅसिव्हेशनमध्ये धातू सपाट करायचा नसतो; हत्यारांमुळे वर चिकटलेलं सुटं लोह काढून क्रोमिअमचं आवरण भरू द्यायचं असतं. त्यासाठी वर्षानुवर्षं २० ते ५० टक्क्यांचं नायट्रिक आम्ल वापरलं गेलं. आता सायट्रिक आम्लालाही अमेरिकी प्रमाणांत पूर्ण मान्यता आहे, ४ ते १० टक्क्यांचं द्रावण पुरतं आणि तपकिरी धूर निघत नाही. तरीही आपल्याकडे अनेक जॉबवर्कवाले नायट्रिक सोडायला तयार नाहीत, कारण गिऱ्हाइकाच्या जुन्या ड्रॉइंगवर तेच लिहिलेलं असतं आणि ड्रॉइंग बदलून आणायची तसदी कुणी घेत नाही.

आम्लानं धातूचा वरचा थर बदलण्याची कल्पना मात्र आधुनिक नाही. पेरूच्या प्राचीन मोचे संस्कृतीतल्या कारागिरांनी सोनं-तांब्याच्या मिश्रधातूचे पत्रे तापवून, आम्लधर्मी वनस्पतिरस आणि क्षार वापरून वरचं तांबं काढून टाकलं आणि खोटं न बोलता वस्तू सोन्याची दिसेल अशी केली. रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळातली भेसळीची चांदीची नाणी याच युक्तीनं पांढरी केली जात. हुपरीसारख्या चांदीच्या गावात आजही दागिना तापवून सौम्य सल्फ्युरिक आम्लात टाकतात, वरचं तांबं विरघळतं, पांढराशुभ्र मॅट थर उरतो आणि मग रिठ्याच्या पाण्यात ब्रश फिरवून त्याला झळाळी देतात. सोनाराचा दागिना आणि औषधकारखान्याचा पाइप यांच्यातलं तत्त्व एकच आहे: जे नको ते आधी विरघळू द्यायचं.

या तत्त्वाची सर्वांत कडक परीक्षा मात्र दागिन्यात किंवा पाइपात होत नाही, ती कणत्वरकांत होते. त्यांच्यातल्या अतिसंवाहक पोकळ्या निओबियमच्या असतात आणि आतल्या भिंतीवरचा धुळीएवढा उंचवटाही विद्युतक्षेत्र बिघडवतो. घडणीत जखमी झालेला शंभर-दीडशे मायक्रॉनचा थर आतून काढावा लागतो. त्यासाठी हायड्रोफ्लोरिक, नायट्रिक आणि फॉस्फोरिक आम्लांचं १:१:२ मिश्रण पोकळीतून फिरवतात, तेही थंड ठेवून, साधारण १५ अंशांच्या आसपास. कारण गरम झालं तर क्रिया भडकते आणि निओबियममध्ये हायड्रोजन शिरतो. हायड्रोजन शिरलेली पोकळी अतिथंड अवस्थेत ऊर्जा उधळते आणि मग ती निर्वात भट्टीत तापवून हायड्रोजन बाहेर काढावा लागतो. विद्युत-पॉलिशला सल्फ्युरिक नऊ भाग आणि हायड्रोफ्लोरिक एक भाग असं मिश्रण घेतात. त्यानं भिंत अधिक गुळगुळीत होते. दिल्लीचं आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र आणि इंदूरचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र यांनी निओबियमच्या पोकळ्यांवर हे काम देशात केलं आहे. मुंबईच्या कुलाब्यातल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत वेगळी वाट निवडली गेली होती: तांब्याच्या अनुनादकांवर शिशाचा मुलामा, म्हणजे निओबियम आणि त्याचं आम्ल दोन्ही टळलं.

हायड्रोजन हा सगळ्या आम्लकामातला छुपा चोर आहे. टायटॅनिअमला हायड्रोफ्लोरिक एकटं लावलं तर हायड्रोजन धातूत मुरतो. म्हणून त्यात नायट्रिक दहापट ठेवतात, म्हणजे हायड्रोजन तयार होण्याआधीच त्याचा काटा काढला जातो. १०.९ किंवा १२.९ दर्जाचे कडक बोल्ट हायड्रोक्लोरिकमध्ये जास्त वेळ राहिले तर दिसायला लखलखीत निघतात, पिळले तरी शाबूत राहतात, आणि काही तासांनी किंवा दिवसांनी भाराखाली तडकन तुटतात. उपाय जुना आहे: प्लेटिंगनंतर लगेच १९० ते २२० अंशांवर काही तास भट्टीत ठेवणं. पुणे-चाकणच्या वाहन पट्ट्यात हे सगळ्यांना माहीत आहे. पण भट्टीचं वीजबिल आणि डिलिव्हरीची तारीख जुळत नसली की बेकिंगचे तास कागदावर भरले जातात, हेही त्याच पट्ट्यात सगळ्यांना माहीत आहे.

धोक्यांबद्दल बोलताना २० फेब्रुवारी १९४७ ची लॉस एंजेलिसमधली घटना टाळता येत नाही. ओकॉनर इलेक्ट्रोप्लेटिंग कंपनीत ॲल्युमिनिअमच्या विद्युत-पॉलिशसाठी पर्क्लोरिक आम्ल आणि ॲसेटिक अनहायड्राइड यांचं मिश्रण वापरलं जात होतं. त्या मिश्रणातून मिळणारी चकाकी अप्रतिम होती. मिश्रण मात्र थंड ठेवलं तरच काबूत राहणारं. थंड करणारी यंत्रणा बंद होती आणि प्लॅस्टिकचा रॅक टाकीत उतरवला गेला. स्फोटात १७ माणसं गेली, सुमारे १५० जखमी झाली, आसपासच्या इमारती कोसळल्या. त्यानंतर मोठ्या टाक्यांतून हे मिश्रण जवळपास हद्दपार झालं. प्रयोगशाळेत ते अजूनही थेंबा-थेंबानं, थंड करून वापरतात.

आपल्याकडच्या शेडमधले धोके स्फोटाचे नाहीत, म्हणून ते कुणाच्या नजरेत भरत नाहीत. नायट्रोजन डायऑक्साइड हुंगलेल्या कामगाराला थोडा खोकला येतो, तो घरी जातो, जेवतो, आणि मग काही तासांनी फुप्फुसात पाणी साचायला लागतं. हायड्रोफ्लोरिकचं सौम्य द्रावण हातावर पडलं तर सुरुवातीला दुखतही नाही. ते कातडीतून आत शिरतं, रक्तातलं कॅल्शिअम बांधून टाकतं आणि हृदयाची लय बिघडवू शकतं. म्हणून जिथे हायड्रोफ्लोरिक आहे तिथे कॅल्शिअम ग्लुकोनेटचं जेल हाताशी असलंच पाहिजे. वेल्डिंगच्या जागी लावायची जी पिकलिंग पेस्ट हार्डवेअरच्या दुकानात मिळते, तिच्यातही बहुधा नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक असतात. ती ब्रशनं लावणाऱ्या कितीतरी फॅब्रिकेशनवाल्यांनी या जेलचं नावही ऐकलेलं नाही.

आणि मग पाणी. वर ॲल्युमिनिअमचा हिशेब केला, तसाच स्टेनलेसचा करू. एक चौरस मीटरवरून २० मायक्रॉन काढले तर सुमारे १५८ ग्रॅम धातू जातो. त्यात २५ ग्रॅमहून जास्त क्रोमिअम आणि १५ ग्रॅमच्या आसपास निकेल. क्रोमिअमचा काही अंश सहा संयुजी, म्हणजे कर्करोगकारक रूपात असू शकतो. सांडपाण्यात एकूण क्रोमिअम लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंतच चालतं आणि सहा संयुजी ०.१ मिलिग्रॅमपर्यंत. आकडे शेजारी ठेवले की कळतं, आम्लाचं काम टाकीपाशी संपत नाही. आधी सहा संयुजी क्रोमिअम तीन संयुजी करायचं, मग चुन्यानं किंवा कॉस्टिकनं सामू वाढवून धातू गाळात बसवायचे, गाळ दाबून घातक कचरा म्हणून तळोजा किंवा रांजणगावला पाठवायचा. प्रदूषण नियंत्रण मंडळांनी पिकलिंग-प्लेटिंगला लाल गटात टाकलंय ते उगाच नाही. नियम पुरेसे आहेत. कमी पडतं ते पैशांचं गणित: जॉबवर्कचा दर किलोवर ठरतो आणि त्या दरात गाळाची वाहतूक कुणी धरत नाही.

पर्याय येत आहेत, पण प्रत्येकात मेख आहे. ब्रिटनच्या लेस्टर विद्यापीठात अँड्र्यू ॲबट यांच्या गटानं कोलीन क्लोराइड आणि इथिलीन ग्लायकॉलच्या द्रवात स्टेनलेस पॉलिश करून दाखवलं; आम्ल नाही, पण द्रव महाग आणि काम संथ. प्लाझ्मा पॉलिशमध्ये मिठाचं नुसतं काही टक्क्यांचं द्रावण आणि दोनशे-तीनशे व्होल्टचा दाब लागतो. जॉबभोवती वाफेचं आवरण तयार होतं, निकाल सुरेख येतो आणि विजेचं बिलही तितकंच येतं. स्पेनमधून आलेल्या ‘ड्रायलाइट’ पद्धतीत टाकीत द्रवाऐवजी आम्ल शोषलेले राळेचे बारीक गोळे असतात. दातांच्या आणि हाडांच्या रोपणासाठी ते छान चालतं, लांब पाइपाच्या आत मात्र गोळे पोचत नाहीत. उलट, थ्रीडी प्रिंटिंगनं बनवलेल्या धातूच्या भागांमुळे जुन्या द्रव आम्लाचीच मागणी वाढते आहे. त्या भागांच्या आतल्या वळणावळणाच्या मार्गिकांत अर्धवट वितळलेले भुकटीचे कण चिकटलेले असतात आणि तिथे बफ, वाळू, गोळे काहीच शिरत नाही. द्रव शिरतो.

तेव्हा आम्ल-पॉलिश वाईट आणि टाळावं, असं मी म्हणणार नाही. स्टेंट, इंजेक्शनची सुई, औषधाचा पाइप, कणत्वरकाची पोकळी, जाळीदार रोपण या जागी ते हवंच. दिसण्यापुरत्या चकाकीसाठी, म्हणजे फर्निचरची पट्टी, नावाची पाटी, जिन्याचा कठडा यांसाठी गरम नायट्रिकची टाकी पेटवणं मात्र आता परवडण्यासारखं राहिलेलं नाही, आणि ते परवडतं असं वाटत असेल तर त्याची किंमत शेडमधला कामगार आणि शेडमागचा नाला भरतो आहे.

शेवटी काम देणाऱ्यांना एक विनंती. ऑर्डरवर ‘मिरर फिनिश’ एवढंच लिहून सोडू नका. धातू कोणता, किती मायक्रॉन काढायचा, आरए किती हवा आणि तो कुठे मोजायचा, पॅसिव्हेशन नायट्रिकचं की सायट्रिकचं, हे लिहा. कडक पोलाद असेल तर बेकिंगचा तापमान-आलेख मागा. दर ठरवताना धुण्याचं पाणी आणि गाळ यांचा खर्च वेगळ्या ओळीत दाखवायला सांगा, आणि बिलासोबत घातक कचऱ्याच्या पावतीची प्रत घ्या. ती मिळत नसेल तर काम दुसरीकडे द्या.